छातीत गाठ लागली: नेहमीचं काय आणि डॉक्टरांना दाखवायला हवं असं काय

आंघोळ करताना किंवा कूस बदलताना हात छातीवर जातो, बोटांना काहीतरी टणक लागतं आणि पोटात धस्स होतं. त्यानंतर काही जणी दिवसभर तीच जागा चाचपत राहतात. दाबून दाबून ती दुखायला लागते, आणि आता दुखतंय म्हणून भीती आणखी वाढते. काही जणी मात्र तिकडे पुन्हा हातच नेत नाहीत. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, तपासणारे डॉक्टर पुरुष असले तर काय, या विचारांत महिने निघून जातात. हा लेख या दोघींसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. बोटांनी एवढंच ठरवता येतं, की लागतंय ते आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळं आहे का, आणि ते टिकून राहतंय का. ते कशाचं आहे हे बोटांना कळत नाही. अनुभवी डॉक्टरही केवळ हात लावून खात्री देत नाहीत, म्हणून तर सोनोग्राफी आणि बायोप्सी (गाठीचा लहान तुकडा काढून तपासणं) करावी लागते. तेव्हा ‘हा कॅन्सर असेल का?’ हा प्रश्न घरी सोडवायचा नाही. ‘हे दाखवायला जायला हवं का?’ याचं उत्तर मात्र घरी मिळू शकतं.

स्तन मुळात गुळगुळीत नसतो

प्रत्येक स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे साधारण १५ ते २० भाग असतात. त्यांच्या नलिका स्तनाग्राकडे येतात, मधल्या जागेत चरबी असते आणि हे सगळं तंतूंच्या पट्ट्यांनी धरून ठेवलेलं असतं. चरबी मऊ, ग्रंथी घट्ट, तंतू चिवट. त्यामुळे हाताला कुठे कणीदार, कुठे दोरीसारखं, कुठे जाडसर लागणारच. यातलं कशाचं प्रमाण किती, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. म्हणून बहिणीचा किंवा मैत्रिणीचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

काही जागा तर हमखास फसवतात. काखेकडच्या वरच्या भागात ग्रंथी सगळ्यांत जास्त असतात आणि त्यांचं एक टोक थेट काखेपर्यंत गेलेलं असतं, त्यामुळे तिथे बहुतेक सगळ्यांनाच जाड आणि गाठाळ लागतं. स्तनाच्या खालच्या घडीत आडवा, टणक पट्टा असतो. ब्रा जिथे टेकते तिथे तो ठळक जाणवतो. अंगाने बारीक असलेल्या स्त्रियांना बरगडीच गाठ वाटते. बरगडी ओळखणं सोपं आहे: ती हलत नाही, बोट पुढे सरकवलं की ती रेषेसारखी पुढे जात राहते आणि दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी सापडते. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावरचे बारीक उंचवटे या तेलग्रंथी असतात. त्या दाबून फोडू नयेत.

दोन्ही स्तन एकसारखे नसणं हेही नेहमीचंच. वयात आल्यापासून एक थोडा मोठा किंवा थोडा खाली असेल, तर ती तुमची ठेवण आहे. लक्ष द्यायचं ते हल्ली नव्याने पडलेल्या फरकाकडे.

पाळीबरोबर येणारं आणि जाणारं

बीज बाहेर पडल्यानंतरच्या दोन आठवड्यांत संप्रेरकांमुळे ग्रंथी फुगतात, ऊतींमध्ये पाणी साठतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात छाती जड होते, ठणकते, गाठाळपणा वाढतो आणि पाळी सुरू झाली की हळूहळू ओसरतो. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास जाणवण्याइतका होतो. रिपोर्टमध्ये त्याला ‘फायब्रोसिस्टिक बदल’ म्हणतात. नाव भारदस्त असलं, तरी तो आजार नाही.

यातून एक सरळ नियम निघतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तपासू नका, कारण त्या दिवसांत काहीही गाठ वाटेल. पाळीचा पहिला दिवस धरून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान छाती सगळ्यांत मऊ असते. पाळी अनियमित असेल किंवा गेली असेल, तर महिन्यातली कुठलीही एक तारीख धरा. गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यावर दिली जाणारी हार्मोन्स सुरू केली, बदलली किंवा थांबवली, तरी छातीचा पोत बदलू शकतो. ती तारीख लक्षात असू द्या, डॉक्टर विचारतील.

पाळी गेल्यानंतर ग्रंथी आकसतात, त्यांची जागा चरबी घेते आणि छाती हळूहळू मऊ होत जाते. ‘पाळीमुळे असेल’ हे कारण तिथे संपतं. म्हणूनच त्या वयात नव्याने लागलेली गाठ नेहमी तपासायची असते.

हात कसा लावायचा

दर महिन्याला ठरल्या दिवशी परीक्षेसारखी स्वतपासणी करायचं दडपण घेऊ नका. शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर मोठी चाचणी झाली आणि २००२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला स्वतपासणी शिस्तीत शिकवली होती, त्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. तेव्हापासून अनेक ठिकाणी भर बदलला आहे. स्वतःची छाती ओळखीची असावी, म्हणजे बदल झाला तर तो पटकन लक्षात येईल, एवढीच आता अपेक्षा असते. ही ओळख होण्यासाठी सुरुवातीचे काही महिने मात्र नीट, पद्धतीने हात फिरवून पाहावा.

आधी आरसा. कमरेपर्यंतचे कपडे काढून चांगल्या उजेडात उभ्या राहा. हात खाली सोडून पाहा, डोक्यावर नेऊन पाहा, मग दोन्ही हात कमरेवर घट्ट दाबून पाहा. शेवटची कृती टाळू नका: हात दाबले की छातीचा स्नायू आखडतो, आणि त्वचा आतून कुठे ओढली जात असेल तर तिथला खळगा तेव्हाच उठून दिसतो. आकार, त्वचा, स्तनाग्राची दिशा या तीन गोष्टी पाहायच्या.

मग पाठीवर झोपा. उजवी बाजू तपासताना उजवा हात डोक्याखाली घ्या आणि उजव्या खांद्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे स्तन छातीवर सपाट पसरतो. डाव्या हाताची मधली तीन बोटं वापरायची. टोकं नकोत, पेरांचा मऊ भाग वापरायचा. लहान गोल फिरवत, एकाच जागी तीनदा दाब द्यायचा: आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. गळपट्टीच्या हाडापासून (कॉलरबोनपासून) स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्या आखल्यासारखं, काखेपासून सुरू करून छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. बोटांना साबण किंवा तेल लावलं तर ती सहज सरकतात.

इथे एक चूक फार जणी करतात. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत स्तन धरून गाठ शोधतात. चिमटीत धरल्यावर कुठलाही निरोगी भाग गाठीसारखाच लागतो. हात सपाट ठेवून, बरगड्यांवर दाबूनच पाहायचं.

काख तपासताना हात वर ताणू नका. सैल सोडून, दुसऱ्या हाताची बोटं खोलवर नेऊन पाहा. गळपट्टीच्या हाडाच्या वरचा खळगाही चाचपा. स्तनाग्र पिळून ‘काही येतंय का’ हे पाहायची गरज नाही. पिळल्यावर थोडा स्राव पुष्कळ निरोगी स्त्रियांनाही येतो.

काहीतरी लागलं, आता?

पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला अगदी तीच जागा तपासा. डावीकडे काखेजवळ जाडसर लागलं आणि उजवीकडेही काखेजवळ तसंच लागलं, तर तो बहुधा तुमचा नेहमीचा पोत. एकाच बाजूला असेल, तर पुढचं पाहायचं: त्याला कडा आहेत का? गाठाळपणा आजूबाजूच्या भागात मिसळून जातो, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगता येत नाही. गाठीभोवती मात्र बोट फिरवता येतं. कडा नसलेला, पण एकाच बाजूला नव्याने आलेला जाड पट्टा असेल, तर त्यालाही गाठीइतकंच महत्त्व द्या.

‘मऊ आहे, हलते, दुखत नाही, म्हणजे साधी’ किंवा ‘दुखते म्हणजे कॅन्सर नाही’ अशी वाक्यं तुम्ही ऐकली असतील. ती अर्धीच खरी आहेत. कर्करोगाची गाठ बहुधा टणक, वेडीवाकडी आणि आतल्या भागाला चिकटलेली असते हे खरं. पण काही कर्करोग गोल, गुळगुळीत आणि हलणारे असतात, काही दुखतात. म्हणून या खुणांवरून ‘जायलाच नको’ असा निर्णय घेऊ नका.

मग किती थांबायचं? पाळी येत असेल, गाठ नेमकी पाळीच्या आधी लागली असेल आणि खाली दिलेल्यापैकी एकही लक्षण नसेल, तर एक पाळी होऊ द्या आणि त्यानंतर तीच जागा पुन्हा पाहा. गेली, तर विषय मिटला. राहिली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एकाच्या दोन, दोनाच्या चार पाळ्या होऊ देऊ नका. मधल्या काळात रोज चाचपूही नका. सूज आली की खरं काय ते कळणंच अवघड होतं.

लागलं ते लिहून ठेवा, आणि जागा घड्याळाच्या भाषेत लिहा, कारण डॉक्टरही तशीच लिहितात. ‘उजवा स्तन, १० वाजताची जागा, स्तनाग्रापासून दोन बोटं दूर, पाळीच्या आठव्या दिवशी’ एवढी नोंद पुढच्या तपासणीत फार कामाला येते.

यात पाळीची वाट पाहायची नाही

- पाळी गेल्यानंतर लागलेली कुठलीही नवी गाठ.
- टणक, न हलणारी किंवा आठवड्या-आठवड्याला वाढणारी गाठ.
- त्वचेवर नवा खळगा, आत ओढल्यासारखा भाग, किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रं दिसणारी त्वचा.
- आधी बाहेर असलेलं स्तनाग्र आत वळणं किंवा त्याची दिशा बदलणं. जन्मापासून आत असेल तर तो दोष नाही.
- स्तनाग्रावर न भरणारी जखम, खपली, खाज किंवा पापुद्रे.
- एका बाजूच्या स्तनाग्रातून आपोआप येणारं रक्त किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव.
- काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर टिकून राहिलेली गाठ.
- एक स्तन अचानक मोठा, लाल, गरम किंवा जड होणं.

शेवटच्या लक्षणाबद्दल थोडं अधिक. दाहक प्रकारच्या स्तनकर्करोगात बहुतेक वेळा गाठ लागतच नाही. काही आठवड्यांत स्तन सुजतो, लाल होतो आणि ते सगळं जंतुसंसर्गासारखंच दिसतं. त्यामुळे आधी अँटिबायोटिक दिलं जाणं स्वाभाविक आहे. पण गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊनही लाली आणि सूज उतरली नाही, तर त्याच गोळ्या पुन्हा घेत बसू नका. परत जा आणि सोनोग्राफी व बायोप्सीबद्दल विचारा.

स्तनाग्रावरच्या खपलीचंही असंच. साधा इसब बहुधा भोवतीच्या गडद वर्तुळावर सुरू होतो, पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो आणि मलमाने बरा होतो. पॅजेटचा आजार मात्र स्तनाग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो आणि एकाच बाजूला असतो. त्यामागे आत कर्करोग असू शकतो. मलम लावून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचेचा आजार समजून थांबू नये.

काखेतली गाठ दर वेळी छातीमुळेच येते असं नाही. हाताला जखम झाली, केस काढताना कापलं, त्या दंडावर लस घेतली, तरी अवधाण येतं आणि काही आठवड्यांत उतरतं. उतरलं नाही तर दाखवायचं.

साध्या गाठी कोणत्या

तरुण वयात, साधारण १५ ते ३५ या काळात, सगळ्यांत जास्त आढळते ती फायब्रोअ‍ॅडिनोमा. घट्ट, गुळगुळीत, न दुखणारी आणि बोटाखालून निसटणारी. निदान पक्कं झालं की ती काढलीच पाहिजे असं नाही. वाढत असेल, मोठी असेल किंवा मनाला स्वस्थता नसेल तर काढतात. पस्तिशीपासून पाळी जाईपर्यंतच्या काळात पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, जास्त दिसतात. सिस्ट कधी अगदी अचानक उठते आणि दुखते, म्हणून घाबरवते. सोनोग्राफीत ती लगेच ओळखू येते आणि त्रास देत असेल तर सुईने पाणी काढता येतं.

मार लागल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर चरबीचा भाग मरून तिथे टणक गाठ होऊ शकते. ती हाताला आणि मॅमोग्राफीतही (स्तनाच्या एक्स-रेतही) कर्करोगासारखी भासू शकते. मात्र उलटंही घडतं: मार लागतो, त्या निमित्ताने हात जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते. म्हणून ‘लागलं होतं ना, त्यानेच झालं असेल’ असं म्हणून विषय मिटवू नका.

दुखणं आणि स्राव

केवळ दुखणं, सोबत गाठ नाही की त्वचेत बदल नाही, हे कर्करोगाचं लक्षण क्वचितच असतं. दोन्ही बाजूंना, पाळीच्या आधी दुखत असेल तर मापाची, नीट आधार देणारी ब्रा आणि वेदनाशामक मलम यांनी बराच आराम पडतो. एकाच ठिकाणी, महिन्याचे सगळे दिवस दुखत असेल तर दाखवा; कधी कधी दुखणं स्तनाचं नसून बरगडीच्या सांध्याचं निघतं.

स्रावाबाबत रंगाइतकंच तो कसा येतो हे पाहायचं. दाबल्यावरच येणारा, दोन्ही बाजूंच्या अनेक छिद्रांतून येणारा, हिरवट-पिवळट स्राव बहुधा निरुपद्रवी असतो. दोन्हीकडून दुधासारखा येत असेल आणि बाळंतपण नसेल, तर प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), थायरॉइड आणि चालू औषधं तपासली जातात. एकाच छिद्रातून, आपोआप, कपड्यावर डाग पाडणारा रक्ताळ स्राव पुष्कळदा नलिकेतल्या साध्या गाठीमुळेच येतो, पण तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना

या काळात छाती इतकी बदलते, की प्रत्येक गाठीवर ‘दूध साचलंय’ हे उत्तर तयार असतं. दूध साचल्याची गाठ पाजल्यावर आणि शेकल्यावर एक-दोन दिवसांत कमी होते. तापासह लाल, दुखरा भाग असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा पाजणं थांबवावं लागत नाही. दोन आठवडे होऊनही गाठ तशीच असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. ती गरोदरपणात आणि पाजतानाही सुरक्षित आहे. ‘बाळंतपण होईपर्यंत थांबू’, ‘दूध तुटू दे मग बघू’ हे सल्ले प्रेमानेच दिलेले असतात, पण ते पाळू नका.

पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, प्रमाण एकूण रुग्णांच्या १ टक्क्याच्या आसपास. वयात येताना किंवा काही औषधांमुळे स्तनाग्रामागे दुखरी चकती येणं वेगळं. मोठ्या वयात एका बाजूला टणक गाठ लागली, तर पुरुषाने एक दिवसही लाजेपोटी घालवू नये.

डॉक्टरांकडे काय होतं

स्त्रीरोगतज्ज्ञ, सर्जन किंवा ओळखीचे फॅमिली डॉक्टर, सुरुवात कुणाकडूनही करा. तपासताना सोबत स्त्री असावी असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. आई, बहीण, मुलगी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर सांगा. वडिलांकडची आत्या, आजीही मोजायच्या. पण घरात कुणाला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. स्तनकर्करोग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या घरात आधी कुणालाच तो झालेला नसतो.

तपासणी तीन अंगांनी होते: हाताने, यंत्राने आणि गरज असेल तर बायोप्सीने. तिशीच्या आत साधारणपणे आधी सोनोग्राफी करतात, कारण तरुण छाती घट्ट असते आणि मॅमोग्राफीत ती पांढरी दिसून गाठ लपते. चाळिशीनंतर बहुधा दोन्ही करतात. मॅमोग्राफीत स्तन काही सेकंद दाबला जातो, ते दुखतं पण लवकर संपतं. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका. त्यातले कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसू शकतात.

बायोप्सीत जागा बधिर करून सुईने लहान तुकडा घेतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने कितीतरी जणी पाय मागे घेतात. बायोप्सीने आजार पसरत नाही; योग्य उपचार ठरवायला तिचीच गरज असते.

रिपोर्टवर ‘बाय-रॅड्स’ आणि पुढे एक आकडा असतो. कर्करोगाचा संशय किती, हे सांगणारी ती ठरलेली पद्धत आहे. ० म्हणजे आणखी तपासण्या हव्यात, १ म्हणजे काही आढळलं नाही, २ म्हणजे साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, धोका २ टक्क्यांच्या आत, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी हवी. पण या गटात कर्करोगाच्या शक्यतेचा पल्ला २ ते ९५ टक्के इतका मोठा आहे, त्यामुळे ४ पाहून तिथेच खचू नका, ४ए (कमी संशय), ४बी (मध्यम) की ४सी (जास्त) ते विचारा. ५ म्हणजे ९५ टक्क्यांहून अधिक संशय. ६ म्हणजे कर्करोग बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला आहे.

रिपोर्ट स्वच्छ आला, पण हाताला गाठ लागतेच आहे, असंही होतं. मॅमोग्राफी काही कर्करोग चुकवते. अशा वेळी डॉक्टरांना तीच जागा बोटाने दाखवून सरळ विचारा: ‘तुम्ही पाहिलेला भाग हाच का? गाठ लागते आहे, मग सोनोग्राफी किंवा बायोप्सी करायची का?’ समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

गाठ साधी निघाली, तरी तिची जागा, आकार आणि रिपोर्टची तारीख जपून ठेवा. ती वाढली किंवा तिचा पोत बदलला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. आणि दुसऱ्या जागी नवी गाठ लागली, तर मागची साधी होती म्हणून हीही तशीच असेल असं धरू नका. तिची तपासणी पहिल्यापासून करून घ्या.